देवडी, दिंडी दरवाजा आणि फाइलींची वाहतूक

संगणकाच्या जाळ्याचा विषय निघाला की आपण कला शाखेची मंडळी तो शास्त्र शाखेकडे ढकलून मोकळी होतो. वास्तविक फायरवॉलचे नियम लिहिणे हे गणितापेक्षा भाषेचे काम अधिक आहे. कोणी, कोठून, कोणत्या दाराने यावे, हे संदिग्धता न ठेवता सांगायचे असते. संध्याकाळी मी एका छापखान्यात अक्षरजुळणी करते. तेथे पतसंस्थांचे अहवाल, सभासदांच्या याद्या, शिकवणी वर्गांच्या प्रश्नपत्रिका अशा मोठाल्या फाइली गिऱ्हाइके एफ.टी.पी.ने पाठवतात. त्या निमित्ताने जे समजले ते येथे मांडते.

जुन्या वाड्याला देवडी असे. पहारेकरी तेथे बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. फायरवॉल ही जाळ्याची देवडीच होय. फरक एवढाच, की वाड्याला दारे एकदोन आणि संगणकाला ० ते ६५५३५ अशी क्रमांकांची दारे, ज्यांना पोर्ट म्हणतात. पहारेकऱ्याजवळ नियमांची यादी असते आणि तिच्या शेवटी ‘बाकी सर्वांस मज्जाव’ असा नियम असावा लागतो. आतल्या माणसाने बाहेर काही मागितले, तर त्याचे उत्तर घेऊन येणाऱ्याला सोडतात; न बोलावता आलेल्याला अडवतात. एफ.टी.पी.ची सारी अडचण येथेच उभी राहते.

या पद्धतीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून ते अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये गेले होते. त्या काळी जाळे मोजक्या विद्यापीठांचे व संशोधन संस्थांचे होते; देवडीची गरज कोणाला भासणार? पुढे १९८५ मध्ये या पद्धतीला जे प्रमाणित रूप मिळाले, त्यात वाटा दोन आहेत. २१ क्रमांकाच्या दाराने केवळ बोलणे चालते: नाव, संकेतशब्द, हुकूम. प्रत्यक्ष माल मात्र दुसऱ्या वाटेने जातो. त्यामुळे माल चालू असतानाही ‘थांबा’ असे सांगता येते.

ही दुसरी वाट उघडायची कोणी? मूळच्या सक्रिय पद्धतीत गिऱ्हाइकाचा संगणक सांगतो, ‘मी अमुक दारी थांबलो आहे’, आणि सर्व्हर आपल्या २० क्रमांकाच्या दारातून तेथे जातो. गिऱ्हाइकाच्या देवडीला हा परकाच वाटतो व ती त्याला हाकलते. मग चमत्कारिक प्रकार दिसतो. नाव-संकेतशब्द स्वीकारला जातो, परंतु फाइलींची यादी काही येत नाही. लोक उगीच संकेतशब्द बदलत बसतात!

यावर निष्क्रिय, म्हणजे पॅसिव्ह पद्धत आहे. १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी फायरवॉलच्या दृष्टीने हिचाच पुरस्कार केला. येथे सर्व्हर दार सांगतो आणि गिऱ्हाईक तेथे येते. उत्तरात सहा आकडे असतात. पहिले चार पत्त्याचे, शेवटचे दोन दाराचे. ते १९५ आणि ८० असतील, तर १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे दार ५००००. आता गिऱ्हाइकाची अडचण सुटली. पण सर्व्हर कोणते दार सांगेल हे त्याच्याच देवडीला ठाऊक नसते.

आमच्याकडे आलेल्या एका तंत्रज्ञाने यावर झटपट तोड काढली. १०२४ पासून पुढची सगळी दारे त्याने त्या संगणकापुरती उघडी टाकली. फाइली येऊ लागल्या, मालक खूष झाले. परंतु त्याच संगणकावर हिशेबाचा डेटाबेस ३३०६ क्रमांकाच्या दारी बसला होता आणि दुरून संगणक चालवण्याची सोय ३३८९ वर होती. ती दोन्ही दारे जगासमोर आली. ज्या सभासदाने आपला पत्ता पतसंस्थेला विश्वासाने दिला, त्याला याची वार्ताही नाही. मला हे काम बेजबाबदारपणाचे वाटते, मग फाइली कितीही वेगाने येवोत.

मोठा दरवाजा बंद ठेवून दिंडी दरवाजा उघडावा, हा शहाणपणा वाडे बांधणाऱ्यांजवळ होता. सर्व्हरच्या मांडणीत पॅसिव्ह दारांची किमान व कमाल मर्यादा घालता येते. ५०००० ते ५००५० अशी ती ठेवली आणि देवडीवर २१ व ही ५१ दारे एवढीच मोकळी केली की काम भागते. एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक फाइलीला एक दार लागते. आमच्यासारख्या छापखान्याला इतकी पुष्कळ झाली. सर्व्हर राउटरच्या आड असेल तर ही दारे राउटरवरूनही त्याच्याकडे वळवावीत, आणि सर्व्हरला आपला बाहेरचा पत्ता सांगून ठेवावा. नाहीतर तो १९२.१६८ ने सुरू होणारा घरातला पत्ता गिऱ्हाइकाला देतो.

काही फायरवॉल २१ वरचे बोलणे ऐकून हवे ते दार तेवढ्यापुरते उघडतात. ही सोय छान, पण साध्या एफ.टी.पी.त संकेतशब्दही उघडाच जातो, आणि बोलणे टी.एल.एस.ने गुप्त केले की पहारेकऱ्याला काही ऐकू येत नाही. मग ठरावीक दारेच हवीत. नवे काम उभारायचे असेल तर एस.एफ.टी.पी. बरे. नावात साम्य असले तरी ती पद्धत वेगळी. तिचे बोलणे आणि माल दोन्ही गुप्तपणे २२ क्रमांकाच्या एकाच दाराने जातात. क्रोम व फायरफॉक्स यांनी तर २०२१ मध्ये एफ.टी.पी.ची सोय काढूनच टाकली. आमची गिऱ्हाइके मात्र जुनी सवय सोडत नाहीत, तेव्हा हा खटाटोप.

नियम लिहून झाल्यावर तपासणी आतून करू नये. आतला माणूस देवडीवरून जातच नाही. मोबाइलचे नेट वापरून बाहेरून पाहावे. फाइलींची यादी दिसली पाहिजे, आणि ३३०६ व ३३८९ वर ठोठावले तर आतून ओ येता कामा नये.