पाप कायेचे की मनाचे?

चालताना पायाखाली मुंगी चिरडली तर पाप लागते काय? आषाढीच्या वाटेवर हा प्रश्न आम्हांस पुष्कळांनी विचारला आहे. प्रश्न जुना आहे. मगध देशी यावरच जैन आणि बौद्ध यांचा मोठा वाद झडला होता.

मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात उपाली गृहपतीची कथा येते. हा नालंदेचा धनिक, निगंठ नातपुत्त म्हणजे भगवान महावीर यांचा उपासक. निगंठ म्हणजे ज्याच्या गाठी सुटल्या तो. बुद्धाला वादात जिंकीन म्हणून हा आंबराईत गेला. काया, वाचा, मन यांत कायेचे पाप सर्वांत जड, हा त्याचा पक्ष. बुद्धांनी विचारले की, तुमच्या साधूच्या येण्याजाण्यात बारीक जीव मरतात, त्याचे काय? उपाली म्हणाला, हेतू नसेल तर दोष मोठा नाही. असेल तर मोठा. मग हा हेतू कोणत्या खात्यात घालता? मनाच्या! झाले, गडी आपल्याच तोंडाने अडकला.

पण थांबा. ही कथा बौद्धांची, आणि घरच्या कथेत घरचाच मल्ल जिंकायचा! जैनांचे सूत्रकृतांग काढा. तेथे बौद्धाच्या तोंडी असे मत घातले आहे की, भोपळा समजून कोणी मूल भाजले तरी त्यास दोष नाही. आर्द्रक मुनी ते धिक्कारतो. बौद्ध असे म्हणत असतील काय? आम्हांस ती विरोधकाने केलेली ओढाताण वाटते. तथापि मुद्दा खोटा नव्हे. 'मला ठाऊक नव्हते' एवढ्याने माणूस सुटत नाही. पुढे उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे गाफीलपणा, घातला. म्हणून जैन मुनी पुढची भुई न्याहाळीत चालतो आणि पावसाळ्यात एका जागी राहतो. बौद्ध भिक्षू आधी पावसातही हिंडत. हिरवे गवत तुडवितात, जीव मारतात अशी लोकांनी कुरकूर केली, तेव्हा बुद्धांनी त्यांस वर्षावास लावून दिला. आपली आषाढीची वाट तर भर पावसातलीच. तेव्हा मुंगीचा हेतू नव्हता हे खरे, पण डोळे कोठे होते, हेही ज्याने त्याने पाहावे.

उपालीचे पुढे काय झाले? तो बुद्धाचा उपासक झाला. तेव्हा बुद्धांनीच त्यास बजावले की, तुझे घर आजवर निगंठांचे पाणवठ्यासारखे होते. ते दारी आले तर त्यांची भिक्षा बंद करू नकोस.