मुलांना सांगण्यासारखं काही हवं

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. प्रशिक्षणात सांगितलं म्हणून तू सातवीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला गट पाडलेस, खेळ घेतलेस, मराठी बंद केलीस. मुलं गप्प बसली आणि शेवटी एकानं विचारलं, "बाई, प्रश्नोत्तरं कधी लिहून देणार?" याचा तुला राग आला. तो धरू नकोस. बोलताना चुकलं की वर्ग हसतो, फळ्यावरचं नीट उतरवलं की गुण मिळतात, हे त्यानं पाहिलंय. त्याची समजूत अनुभवातून आलेली आहे. ती नुसती सांगून जाणार नाही. त्याला वेगळा अनुभव मिळायला हवा.

पण आधी तुझी स्वतःची समजूत तपास. संवादातून इंग्रजी शिकवायचं म्हणजे गटकार्य आणि मराठीबंदी, असं तू धरून चालली आहेस. एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास या भागातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्यात गटकार्यावर भर नव्हताच. मुलं एकमेकांची मोडकीतोडकी इंग्रजी उचलतील, अशी त्यांना काळजी होती. शिक्षक आधी सगळ्या वर्गाला बरोबर घेऊन एखादं काम सोडवायचे: रेल्वेचं वेळापत्रक, नाहीतर एखादा नकाशा. मग तसंच दुसरं काम प्रत्येकानं आपापलं करायचं. मुलांचं लक्ष व्याकरणावर नसायचं, कोणती गाडी वेळेत पोचेल यावर असायचं. कुणी चुकलं तर शिक्षक तेच वाक्य बरोबर करून म्हणत आणि पुढे जात. मला हे फार पटतं, कारण इथं मुलाला बोलायला कारण मिळतं.

आता तुझा तास बघ. 'व्हॉट इज युवर नेम?' असं तू ज्याला विचारतेस, त्याचं नाव तुला जूनपासून माहीत आहे. मग त्यानं जीव तोडून उत्तर का द्यावं? त्यापेक्षा एसटी स्टँडवरचं वेळापत्रक इंग्रजीत लिहून ने. दहाच्या आत तालुक्याला पोचायचं तर कोणती गाडी, आणि ती चुकली तर काय, असं विचार. आपसात विचार मराठीत करू देत. तुला मात्र उत्तर इंग्रजीत हवं, दोन शब्दांचं असलं तरी चालेल.

आणि तासाच्या शेवटी त्यांनीच दिलेली दोनतीन उत्तरं फळ्यावर नीट लिहून उतरवून घे. वही कोरी राहिली की घरी विचारणा होते, आणि त्या आईवडिलांचं काही चुकत नाही. परीक्षेत बरेचसे गुण लेखी उत्तरांनाच असतात.

पुढच्या आठवड्यात एक तास मोबाइलवर रेकॉर्ड कर. ज्यांची उत्तरं तुला आधीपासून ठाऊक नव्हती असे किती प्रश्न तू विचारलेस, ते मोज आणि मला कळव.

तुझी,
मावशी