आधी फॉन्ट शोधा, मग सॉफ्टवेअर

जुनी मराठी फाइल उघडली म्हणजे ती वाचता आली असे नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या एका संग्रहाची नवी आवृत्ती काढायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हे नीट उमगले. ओव्या गोळा करणाऱ्या बाई हयात नव्हत्या, वह्याही राहिल्या नव्हत्या. उरली होती एक सीडी आणि तिच्यावरच्या पेजमेकरच्या ‘.पी६५’ फायली.

पेजमेकर हे पाने जुळवायचे सॉफ्टवेअर १९८५ साली आल्डस कंपनीने बाजारात आणले, १९९४ मध्ये ते अ‍ॅडोबीकडे गेले आणि २००१ च्या ७.० नंतर नवी मोठी आवृत्ती निघाली नाही. आपल्याकडचे कितीतरी दिवाळी अंक आणि कवितासंग्रह त्यातच जुळवलेले आहेत. आजचे इनडिझाइन या फायली उघडत नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ मात्र ४.४ आवृत्तीपासून उघडते, आणि ते फुकट आहे. माझ्या फायली त्यात उघडल्यावर पाने दिसली, पण ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा नुसता काला होता.

इथे अनेक जण फाइल खराब झाली असे समजून ती टाकून देतात. कृपा करून असे करू नका. युनिकोड रुळण्याआधी बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवत. फाइलमध्ये फक्त क्रमांक साठतात; त्यांचे मराठी करतो तो फॉन्ट. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचीही. म्हणून मजकूर निवडून फॉन्टचे नाव आधी टिपून घ्या. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचे नाव फॉन्टच्या चौकटीत दिसते.

नाव मिळाले, फॉन्ट मिळेना. त्या काळच्या मराठी पॅकेजांना अनेकदा हार्डवेअर लॉक, म्हणजे संगणकाला जोडायची किल्ली, असे; लॉक हरवले की पॅकेज बंद. शेवटी जुने डीटीपी करणाऱ्या एका काकांच्या कपाटातून तो निघाला. तुमच्या गावातही असे कुणी असेल. त्यांच्याकडे आजच जा, कारण त्यांचे जुने संगणक भंगारात चालले आहेत.

फॉन्ट बसवल्यावर मूळ फाइलवर काही सेव्ह करू नका, प्रतीवरच काम करा. मग युनिकोडमध्ये रूपांतर. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कच्च्या कन्व्हर्टरमधून ‘किती’चे ‘िकती’ आणि ‘सूर्य’चे ‘सूयर्’ होते ते यामुळे. हे शोधून बदलता येते. जोडाक्षरे मात्र डोळ्यांनीच तपासावी लागतात, आणि ओव्यांसारख्या बोलीतल्या मजकुरात शुद्धलेखन तपासनीस काही कामाचा नाही. तो बाईंचा ‘व्हता’ बदलून ‘होता’ करायला बघतो. नेमका कन्व्हर्टर मिळालाच नाही, तर योग्य फॉन्टमध्ये पाने पीडीएफ करून त्यांच्या प्रतिमा काढा आणि त्या टेसरॅक्टसारख्या ओसीआरने वाचून घ्या. त्यालाही मराठी येते.

काम संपल्यावर मी तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवल्या: फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ, युनिकोडमधला साधा ‘.टीएक्सटी’ मजकूर, आणि मूळ फायलींशेजारी तो जुना फॉन्ट. फोल्डरच्या नावातच फॉन्टचे नाव आणि पेजमेकरची आवृत्ती लिहिली आहे.