सगळंच शेवाळ नसतं!

'फाइंडिंग निमो' हा सिनेमा आला २००३ साली. तो बघून ज्यांना घरी समुद्र आणावासा वाटला, त्यांच्या लांबलचक रांगेत मीही एक. सेकंड इयरच्या सुट्टीत तीन बाय दीड बाय दीड फुटांचा टँक घेतला. लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ कालवलं, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ला आणली. आपल्याकडे खऱ्या प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातला दगड आणायचा प्रश्नच नव्हता. कोरडे, कृत्रिम दगड रचले. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे!) अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसायला सहा आठवडे गेले. मग दोन क्लाउनफिश आणि सहा गोगलगाई आल्या.

पण त्याआधीच, तिसऱ्या आठवड्यात, वाळूवर तपकिरी भुकटी दिसू लागली होती. आजी म्हणाली, "अरे, शेवाळ धरलंय, घासून काढ की!" ते डायटम होते. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि नळाच्या पाण्यात सिलिकेट भरपूर. बोट फिरवलं की धुळीसारखे पुसले जातात. आरओचं पाणी वापरायला लागलो, सिलिकेट संपलं, महिन्याभरात पाहुणे गेले. इथपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा तपकिरी. मी बेफिकीर! पुन्हा डायटमच असणार. दुकानदार म्हणाला, "घाण जास्त झालीय, खाणं कमी करा, पाणी बदला." मी आज्ञाधारक मुलासारखं सगळं केलं, वर फॉस्फेट शोषणारी पावडरही टाकली. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मला वाटलं, वा, डिस्टिंक्शन! आणि तपकिरी मात्र दुप्पट. आठवड्यात चार गोगलगाई उलट्या पडून मेल्या. पाचवीला मी हाताने सरळ करून ठेवायचो, ती परत पडायची. फार वाईट वाटायचं.

मग नीट बघितलं, जे आधीच करायला हवं होतं. हे भुकटीसारखं नव्हतं, शेंबडासारखं होतं. तारा लोंबत होत्या आणि प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा. सकाळी वाळू बऱ्यापैकी स्वच्छ, दुपारी दोनला पुन्हा गालिचा. सायनोबॅक्टेरिया म्हणावं, तर ते बहुधा लालसर मखमलीसारखे पसरतात आणि सायीसारखे अख्खे सोलून निघतात. हे तसं नव्हतं.

एक सोपा प्रयोग केला. थोडा चिकटा बाटलीत घेतला, जोरात हलवला, टिश्यू पेपरमधून गाळला आणि गाळलेलं स्वच्छ पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा तारा जमल्या! म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. खात्रीसाठी बायोटेकच्या मित्राच्या हातापाया पडून मायक्रोस्कोप मिळवला. ४०० पटींवर थेंबाच्या आकाराच्या पेशी, दाव्याला बांधलेल्या वासरासारख्या एका जागी गोल फिरताना दिसल्या. हा ऑस्ट्रिऑप्सिस. विषारी! गोगलगाई त्याच खाऊन मरत होत्या. (टँकमध्ये हात घालताना ग्लोव्ह्ज घाला, प्लीज.)

आता गंमत बघा. नायट्रेट-फॉस्फेट शून्य झालं की स्पर्धक उपाशी मरतात आणि रिकाम्या मैदानात डायनो माजतात. नव्या, कोरड्या दगडांवर तर स्पर्धक मुळात कमीच. म्हणजे मी औषध म्हणून जे देत होतो, तोच रोगाचा खुराक होता.

म्हणून सगळं उलटं केलं. फॉस्फेटची पावडर काढली, पाणी बदलणं थांबवलं, खाणं वाढवलं. दगड-वाळू वजा जाता माझ्याकडे पाणी १५० लिटर. नायट्रेट ५ पीपीएमने वाढवायचं म्हणजे ७५० मिलिग्रॅम. शुद्ध पोटॅशियम नायट्रेटमध्ये नायट्रेट ६१ टक्के, म्हणजे साधारण १.२ ग्रॅम लागणार. ते तीन दिवसांत वाटून टाकलं. (केमिस्ट्रीचा उपयोग झाल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली नोंद.) फॉस्फेट खाण्यातूनच ०.०५ च्या वर आलं. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला येतो, तेव्हा त्याला यूव्ही स्टरिलायझरमधून फिरवता येतं. हाच अँफिडिनियम असता, तर तो वाळूतच दडून बसतो आणि यूव्हीचा फारसा उपयोग झाला नसता. म्हणून तर नाव कळणं महत्त्वाचं! सोबत तीन दिवस दिवे बंद ठेवले, टँकवर जुनी चादर टाकली. बाबा म्हणाले, "सुतक आहे का?"

पाचवी गोगलगाय वाचली नाही. सहावी वाचली. क्लाउनफिश दोन्ही ठणठणीत आहेत. पाच आठवड्यांनी तारा दिसेनाशा झाल्या आणि काचेवर हिरवा थर आला. आजीने चष्मा सावरत पाहिलं आणि म्हणाली, "परत शेवाळ!" या वेळी ते खरंच शेवाळ होतं. मी अर्धी काच घासली, अर्धी सहाव्या गोगलगाईसाठी तशीच ठेवली.