माझंच चलान माझ्या विरोधात

पेटंट गेलं ते गेलं, पण मला नक्कलखोर ठरवलं त्याचा राग जात नाही.

लातूरच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. दाळ पॅक करताना तूरदाळीची पूड पाकिटाच्या तोंडाशी चिकटते आणि सील धरत नाही. सील करणारे जॉ मिटायच्या आधी हवेने ती पूड झटकणारी पट्टी बसवायला माझे दोन पावसाळे गेले. ती पट्टी लावलेलं पहिलं पॅकिंग मशीन नांदेडच्या एका दाळमिलवाल्या शेठना दिलं. "चालवून तर बघा," म्हणालो, आणि चलानासोबत बिलही फाडलं. पेटंटचा अर्ज चार महिन्यांनी केला.

अर्ज प्रसिद्ध होताच विरोध आला. पेटंट कायद्याच्या कलम 25(1) खाली मंजुरीआधी कुणीही विरोध करू शकतं. करणारे कोण, तर तेच शेठ! माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवलेला माणूस. जोडलेल्या कागदांत माझंच चलान, खाली माझीच सही. अर्जाआधीची ती तारीख मी तीनदा वाचली. चाचणीसाठी उघड वापर झाला तर कायदा अटींसह वर्षभराची सवलत देतो, पण विकलेल्या मालाला चाचणी कोण म्हणणार?

सोबत एक मुदत संपलेलं परदेशी पेटंट होतं. कॉफीच्या पुडीचं मशीन, आणि आकृतीत जवळपास माझीच पट्टी. सुनावणीत शेठचा माणूस "नक्कल" म्हणाला. ती आकृती मी जन्मात पाहिली नव्हती हो! पण पाहिली की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. आधी छापलेलं आहे, एवढंच पुरतं.

अर्जाआधी जुन्या पेटंटांत मी शोधलं होतं "दाळ पॅकिंग". तुम्ही मालाच्या नावाने शोधू नका, पेटंट वर्गीकरणातल्या बी65बी या वर्गाने शोधा. पीठ, कॉफी, साबणाची पूड, सगळं चाळा. मुदत संपलेली पेटंटंही सोडू नका. मशीन शेडबाहेर पडायच्या आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. एकट्या माणसाला ऑनलाइन फी 1600 रुपये आहे, पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. कागद जपा, वकील पारखून घ्या वगैरे सगळे सांगतातच.

माझा अर्ज फेटाळला गेला. अपिलाला तीन महिने असतात. पेटंटची अपिलं ऐकणारं अपील मंडळ 2021 मध्ये बंद झालं, त्यामुळे गाठायचं थेट उच्च न्यायालय. मी अपील केलंही. मग वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्याचा निकाल पुढ्यात ठेवला. भांडी लेथवर धरायच्या साधनाचं पेटंट त्यात रद्द झालं होतं, निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा म्हणून. मी अपील मागे घेतलं.

परवा त्याच मिलमधून फोन आला, जॉ घासलाय, माणूस पाठवा. पाठवला. पैसे आधी घेतले.