सात रात्रींचा हिशेब

२०१३ साली आम्ही एका कंपनीची पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घेतली. दरवर्षी सात रात्री, त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये. ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतं, "घ्यावी का हो?" त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. सही त्याच दिवशी करू नये. मॉलमध्ये लकी ड्रॉची चिठ्ठी भरली होती. आठवड्याभरात फोन आला, "गिफ्ट लागलंय, पण नवरा-बायको दोघांनीही यायला हवं." नाशिकच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली. एक तरुण मुलगा कोऱ्या कागदावर आकडे मांडत होता : आज खोलीचं भाडं इतकं, पंचवीस वर्षांनी इतकं. मधूनच एखाद्या टेबलावर सही व्हायची आणि टाळ्या वाजायच्या. दोन तासांनी मॅनेजर आले. "आजच केलंत तर चाळीस हजार कमी," म्हणाले. ह्यांनी क्रेडिट कार्ड काढलं. निघताना तो आकड्यांचा कागद मी मागितला, पण त्या मुलाने तो फाईलमध्ये ठेवून दिला होता. वार्षिक देखभाल शुल्क त्यावर कुठेच नव्हतं. दहा दिवसांत रद्द करायची सोय करारात होती. आम्ही करार नीट वाचला तोवर वर्ष उलटलं होतं.

२. आधी सुट्ट्या बघा, मग रिसॉर्ट. या योजनांत हंगामांना रंग दिलेले असतात. दिवाळी, नाताळ, मे महिना सगळ्यांत महागड्या रंगात. आम्ही परवडणारा रंग घेतला. मी शिक्षिका, मुलं शाळेत. आम्हाला मोठी सुट्टी फक्त मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमकी आमच्या रंगात न बसणारी. महागडा रंग घेतलेल्यांनाही कित्येक महिने आधी बुकिंग करावं लागतं, तरी खोली मिळेलच असं नाही.

३. खर्च भागायचा तो सातने नव्हे, प्रत्यक्ष राहिलेल्या रात्रींनी. आम्ही भरले २,८०,००० रुपये. बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १९,६०० व्याज आलं असतं. यंदाचं देखभाल शुल्क १८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०. बेरीज ४०,८४०. सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीला साधारण ५,८३४ रुपये. आमच्या वर्षाला सरासरी चारच रात्री होतात, म्हणजे रात्रीला १०,२१०. जेवणखाण वेगळं. शिवाय पंचवीस वर्षांनी ते २,८०,००० परत मिळत नाहीत. तेवढ्या पैशात एमटीडीसीच्या निवासात किंवा कोकणातल्या घरगुती राहण्याच्या सोयीत आम्ही मे महिन्यातही राहिलो असतो.

४. जे मिळालं तेही सांगायला हवं. एका जुलैत सासूबाईंना घेऊन महाबळेश्वरला चार रात्री होतो. खोलीला लागून छोटं स्वयंपाकघर होतं. त्यांना बाहेरचं सोसत नाही, म्हणून रोज मुगाची खिचडी आणि ताक. धुक्यात समोरचं झाडही दिसत नव्हतं. त्या दिवसभर खिडकीशी बसून होत्या आणि मी त्यांच्या माहेरच्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या. त्या चार रात्रींबद्दल मला कधीच पस्तावा झाला नाही.

५. म्हणूनच निवृत्त जोडप्यांना, गर्दी नसलेल्या दिवसांत कधीही निघू शकणाऱ्यांना ही मेंबरशिप लाभू शकते. कर्ज काढून मात्र कुणीच घेऊ नये. ईएमआयचं व्याज धरलं तर वरचा हिशेब आणखी बिघडतो.

६. बाहेर पडायची वाट आधी विचारा. एकाही रात्री गेला नाहीत तरी शुल्क चुकत नाही, आणि थकलं तर बुकिंग बंद. आम्ही विकायचा प्रयत्न केला. गिऱ्हाईक मिळालं नाही. तोंडी दिलेलं प्रत्येक आश्वासन ईमेलवर मागून घ्या. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून थांबू नका.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीला असाच गिफ्टचा फोन आला. तिची दोन्ही मुलं शाळेत आहेत. मी तिला सांगितलं, घेऊ नकोस. आमचा करार २०३८ पर्यंत आहे.