पवित्र शास्त्र आणि भूमीची ओळख

पाठ : १ शमुवेल १२:१६-१९, लूक १०:३०-३५, २ राजे २:१९-२२

वऱ्हाडांतील वाचक शास्त्र उघडतो तेव्हां त्याच्या मनांत आपलेंच शेत, आपलाच घाट व आपलीच विहीर असते. ह्यांत दोष नाहीं. परंतु कनान देश कोठें आपल्यासारखा व कोठें निराळा, हें ठाऊक नसल्यास वचनाचा अर्थ उलटा होण्याचें भय आहे. तीन स्थळें पाहूं.

पहिलें, पाऊस. गव्हाच्या कापणींत शमुवेलानें प्रार्थना केली, गर्जना होऊन पाऊस पडला आणि लोक भयभीत झाले. तेथें गहूं मे-जून महिन्यांत कापतात. त्या दिवसांत आपण मृगाची वाट पाहतों. मग पावसाचें भय कसलें? परंतु कनानांत पाऊस भूमध्य समुद्रावरून हिवाळ्यांत येतो. पहिला आक्टोबर-नोव्हेंबरांत पेरणीस, शेवटला मार्च-एप्रिलांत दाणा भरण्यास. पुढें उन्हाळाभर आकाश कोरडें. म्हणून येथें मृगाचें माप लावूं नये. फाल्गुनांत कापलेल्या गव्हावर पडणारा अवकाळी पाऊस आठवावा. ज्याचें खळें असें भिजलें आहे, त्यास त्या लोकांचें भय समजावून सांगावें लागणार नाहीं.

दुसरें, उतार. दाखल्यांतील मनुष्य यरुशलेमाहून यरीहोस खालीं जात होता. यरुशलेम समुद्रसपाटीहून सुमारें २,५०० फूट उंच, तर यरीहो तिच्याहून सुमारें ८५० फूट खोल आहे; आणि वाट पंधरा-अठरा मैलांची. चिखलदऱ्याहून परतवाड्यास उतरणाऱ्यांस घाट ठाऊक आहे. हा उतार त्याहूनही मोठा. मेळघाटांत सागाचें रान आहे. तेथें उघडे डोंगर, दऱ्या व गुहा. अशा वाटेवर थांबणें म्हणजे आपलाही जीव धोक्यांत घालणें होतें. ह्यानें याजक व लेवी निर्दोष ठरत नाहींत. पण शोमरोनी थांबला, ह्याचें मोल कळतें.

तिसरें, पाणी. यरीहोचें पाणी वाईट व भूमि नापीक होती. अलीशानें झऱ्यांत मीठ टाकिलें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, दर्यापुराकडे, राहणाऱ्या बंधुभगिनींस हें वाचून नवल वाटेल. कारण मिठानें पाणी बिघडतें, हा त्यांचा नित्याचा अनुभव. यरीहोकरांचाही तोच असावा, कारण जवळच मृत समुद्र आहे व त्याचें पाणी इतर समुद्रांच्या जवळजवळ दसपट खारें आहे. तेव्हां गुण मिठाचा नव्हे, देवाच्या शब्दाचा, हें त्यांस तत्काळ उमगलें असेल. अलीशाच्या नांवाचा गोड्या पाण्याचा झरा तेथें आजही वाहतो.

भूगोल विश्वास उत्पन्न करीत नाहीं. तो वचन कोठें उभें आहे तें दाखवितो. ह्यास्तव उपदेशकांनीं पाठ शिकवितांना नकाशा जवळ ठेवावा आणि मंडळीस चार प्रश्न विचारावे :

१. हें कोठें घडलें?
२. वाट चढाची कीं उताराची?
३. ऋतु कोणता?
४. पाणी कोठून मिळत असे?

शेवटीं आपल्या गांवांतील त्याच गोष्टीशीं ताडून पाहावें. सारखें दिसेल तेथें अर्थ जवळ येईल. निराळें दिसेल तेथें थांबून पुन्हां वाचावें.